चिप आधी, लस नंतर: पुण्याहून जर्मनीला कुत्रा नेण्याचे खरे वेळापत्रक

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातले कुटुंब, यजमानांना श्टुटगार्टला नोकरी मिळाली आहे आणि १ सप्टेंबरला रुजू व्हायचे आहे. पाच वर्षांचा लॅब्रडॉर, ब्रूनो, सोबत न्यायचा आहे. त्याच्या लशी दरवर्षी वेळेवर झाल्या आहेत, पुस्तिका आहे, मायक्रोचिप मात्र नाही. जून सुरू झाला आहे. एजंट म्हणतो की पंधरा दिवसांत सगळी कागदपत्रे तयार करून देतो. तुम्ही विचारलेत की कोणती कागदपत्रे लागतात आणि प्रवासात त्याला त्रास होईल का.

कागदपत्रांची यादी छोटी आहे, ती पुढे येईलच. तुमची खरी अडचण तारखांची आहे. भारतातून युरोपीय संघात कुत्रा नेताना चिप, रेबीजची लस, रक्ततपासणी आणि प्रतीक्षा हे टप्पे याच क्रमाने व्हावे लागतात आणि त्यांच्यामधले दिवस कायद्याने ठरलेले आहेत. चिप नसलेल्या कुत्र्याला आजपासून मोजले तर किमान चार महिने लागतात. ब्रूनो १ सप्टेंबरला तुमच्याबरोबर जाऊ शकत नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो, म्हणजे पुढचे नियोजन त्याभोवती करता येईल.

हे चार महिने कुठून येतात ते नीट समजून घ्या, कारण एजंटाशी बोलताना तेच उपयोगी पडेल.

पहिली पायरी मायक्रोचिप. ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १५ अंकी असावी. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी असते, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने घालतात, भूल लागत नाही. क्रमांक ३५६ ने सुरू झाला तर तो भारताचा देश-संकेतांक; ९०० च्या घरातला असेल तर उत्पादकाचा संकेतांक. दोन्ही चालतात. घालण्याआधी त्याच्या अंगावरून स्कॅनर फिरवून घ्या. ब्रीडरकडून आलेल्या कुत्र्याला कधी कधी लहानपणीच चिप घातलेली असते आणि मालकाला माहीत नसते. आधीची चिप सापडली आणि तिची तारीख लेखी मिळाली, तर तुमचे वेळापत्रकच बदलू शकते.

दुसरी पायरी रेबीजची लस, आणि इथेच बहुतेकांचे गणित चुकते. लस चिपच्या दिवशी किंवा त्यानंतर दिलेली असली तरच ती धरली जाते. चिपच्या आधी दिलेल्या लशी, मग त्या पाच वर्षे अगदी तारखेनुसार दिलेल्या असोत, या कामापुरत्या शून्य. कारण साधे आहे: लस घेतलेला कुत्रा हाच, हे सिद्ध करणारा क्रमांक त्या वेळी त्याच्या अंगात नव्हता. म्हणून ब्रूनोला फेब्रुवारीत लस झाली असली तरी चिप घातल्यावर त्याच बैठकीत रेबीजची लस पुन्हा द्यायची. निरोगी कुत्र्याला त्याने अपाय होत नाही. पशुवैद्यांना सांगा की आधी चिप, मग स्कॅनरवर क्रमांक वाचून पुस्तिकेत लिहिणे, मग लस. पुस्तिकेत लशीचे स्टिकर, बॅच क्रमांक, दिल्याची तारीख, वैधता कुठपर्यंत ते, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असे सगळे हवे. तारखेवर खाडाखोड झाली तर ते पान वाया गेले असे समजा आणि नवी पुस्तिका करून घ्या.

लस दवाखान्यातल्या फ्रीजमधलीच घ्या. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. औषधांच्या दुकानातून विकत घेऊन खिशात घालून नेलेली लस पुढच्या रक्ततपासणीत तुम्हाला महाग पडू शकते.

तिसरी पायरी ती रक्ततपासणी, जिला सगळे टायटर टेस्ट म्हणतात. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचे आणि त्यातली रेबीजविरोधी प्रतिपिंडे मोजायची. निकाल मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त हवा. तपासणी युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच झाली पाहिजे. या प्रयोगशाळांची यादी युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर असते आणि ती बदलते, म्हणून नमुना पाठवण्याच्या आठवड्यात स्वतः उघडून पाहा. फ्रान्समधल्या नान्सी इथली आन्सेस ही या विषयातली संघाची संदर्भ प्रयोगशाळा आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्य विद्यापीठाच्या रेबीज प्रयोगशाळेचे नावही पशुवैद्यांच्या तोंडी नेहमी असते.

नमुना नाकारला जाण्याची कारणे ठरलेली असतात. रक्त साध्या, गोठू देणाऱ्या नळीत घेऊन सीरम वेगळे करावे लागते. सुमारे ४ ते ५ मिलिलिटर रक्त घेतले की पुरेसे सीरम निघते. रक्त घाईने ओढले, नळी हलवली किंवा सीरम वेगळे करायला उशीर झाला, तर पेशी फुटून सीरम लालसर होते आणि तसा नमुना परत येऊ शकतो. नळीवर चिपचा क्रमांक लिहायचा, फक्त ‘ब्रूनो’ नाही. अर्जावर चिपची तारीख, लशीची तारीख आणि रक्त घेतल्याची तारीख तीन वेगळ्या रकान्यांत येते. त्या पुस्तिकेशी एका अंकानेही विसंगत नसाव्यात. रक्त घेण्याआधी पशुवैद्यांनी पुन्हा चिप स्कॅन करावी. हे मी आग्रहाने सांगतो, कारण अर्जावर एक अंक चुकला तर तो अहवाल कायद्याने दुसऱ्याच कुत्र्याचा ठरतो.

चौथी पायरी प्रतीक्षा. रक्त घेतल्याच्या तारखेपासून पूर्ण तीन महिने झाल्याशिवाय भारतातून आलेला कुत्रा युरोपीय संघात शिरू शकत नाही. तीन महिने निकालाच्या तारखेपासून मोजत नाहीत, रक्त घेतल्याच्या तारखेपासून मोजतात. ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. निकाल यायला तीन-चार आठवडे लागले तरी घड्याळ आधीच सुरू झालेले असते. ९० दिवस नव्हे, कॅलेंडरचे तीन महिने मोजा.

हा तीन महिन्यांचा नियम लोकांना जाचक वाटतो. त्यामागचे कारण असे की रेबीजचा विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणे दिसायला आठवडे किंवा महिने लागतात. कुत्र्याला लशीआधी चावा बसला असेल तर रक्तात प्रतिपिंडे दिसूनही तो आतून आजारी असू शकतो. तीन महिने तो धडधाकट राहिला तर ती शक्यता फार कमी होते. भारत हा रेबीज असलेला आणि संघाच्या सवलतीच्या यादीत नसलेला देश आहे, म्हणून ही अट लागते. गोव्यात रेबीज नियंत्रणाचे मोठे काम झाले आहे, तरी पणजीहून निघालेल्या कुत्र्यालाही हेच नियम, कारण यादी देशांची आहे, राज्यांची नाही. संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर, ब्रिटन, अमेरिका हे देश त्या यादीत आहेत. तिथून आलेल्या कुत्र्याला टायटर लागत नाही. त्यामुळे कोणी तरी ‘दुबईमार्गे नेऊ’ असे सुचवेल. दुबईला विमान बदलल्याने कुत्रा दुबईचा होत नाही.

आता तुमच्या तारखा मांडू. समजा १० जूनला चिप आणि लस झाली. ३० दिवस १० जुलैला पूर्ण होतात. एक-दोन दिवसांची सवड ठेवून १२ जुलैला रक्त घ्या. सवड अशासाठी की लशीचा दिवस पहिला धरायचा की शून्य, यावर कोणाशी वाद घालायची वेळच येऊ नये. १२ जुलैपासून तीन महिने म्हणजे १२ ऑक्टोबर. ब्रूनो १३ ऑक्टोबर किंवा त्यानंतर जर्मनीत उतरू शकतो. पंधरा दिवसांत काम होईल म्हणणाऱ्या एजंटाला एकच विचारा: रक्त कोणत्या तारखेला घेणार आणि कोणत्या प्रयोगशाळेला पाठवणार? उत्तर टाळले गेले तर त्याला पैसे देऊ नका. सीमेवर कागद अपुरे निघाले तर कुत्रा मालकाच्या खर्चाने परत पाठवला जातो किंवा अटी पूर्ण होईपर्यंत विलगीकरणात ठेवला जातो, आणि दोन्ही अशक्य असेल तर शेवटचा पर्याय म्हणून त्याला मारण्याची तरतूदही कायद्यात आहे. हे घाबरवायला सांगत नाही, पण त्या एजंटाच्या आश्वासनाची किंमत कुत्रा मोजतो, एजंट नाही.

निकाल ०.५ च्या खाली आला तर पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस, पुन्हा रक्त, आणि तीन महिने नव्याने. वर्षानुवर्षे नियमित लस घेतलेला मोठा कुत्रा सहसा पहिल्याच वेळी उत्तीर्ण होतो. आयुष्यातली पहिलीच लस घेतलेली पिल्ले मात्र अडकतात. त्यांना तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा देऊन, दुसऱ्या मात्रेनंतर ३० दिवसांनी रक्त घेणे शहाणपणाचे. पिल्लांची पहिली लस वयाच्या १२ आठवड्यांआधी धरली जात नाही, त्यामुळे साधारण सात महिन्यांहून लहान पिल्लू भारतातून तिकडे नेता येत नाही. ब्रूनोला त्या काळात स्टेरॉइड चालू असतील तर पशुवैद्यांशी बोलून लशीची वेळ ठरवा.

एकदा टायटर उत्तीर्ण झाले की पुढची लस मुदतीच्या आत मिळत राहिली तर तोच अहवाल आयुष्यभर चालतो. बूस्टर एक दिवस जरी उशिरा झाला तर साखळी तुटते आणि टायटर पुन्हा करावे लागते. म्हणून पुढच्या वर्षीची तारीख आताच फोनच्या कॅलेंडरमध्ये, दोन आठवडे आधीची, टाकून ठेवा.

त्याच वेळी, वेगळ्या नळीत रक्त घेऊन, एक काम आणखी करून घ्या, जे जर्मनी मागत नाही पण मी मागेन: गोचिडतापाची तपासणी आणि पूर्ण रक्तगणना. पुण्या-मुंबईत एर्लिकिया आणि बेबेसिया हे गोचिडांमुळे होणारे आजार फार आहेत आणि कित्येकदा कुत्रा वरून ठीक दिसतो, प्लेटलेट मात्र घसरलेल्या असतात. असा कुत्रा दहा-बारा तासांच्या प्रवासानंतर आजारी पडतो. तिथल्या डॉक्टरांना हे आजार इकडच्यासारखे रोज दिसत नसल्याने निदान उशिरा होऊ शकते. आत्ता सापडले तर उपचाराला तीन महिने आहेत.

आता १ सप्टेंबर आणि १३ ऑक्टोबर यांच्यामधल्या दीड महिन्याचा प्रश्न. इथे पाच दिवसांचा नियम आड येतो. पाळीव प्राणी म्हणून बिगरव्यापारी सवलतीत कुत्रा न्यायचा तर मालकाने त्याच्या बरोबर किंवा त्याच्या प्रवासाच्या मागे-पुढे पाच दिवसांच्या आत प्रवास केला पाहिजे. मालकाऐवजी दुसऱ्या कोणाला लेखी अधिकार देता येतो, पण तरीही मालकाचा स्वतःचा प्रवास त्याच पाच दिवसांत हवा. यजमान सप्टेंबरला गेले आणि कुत्रा ऑक्टोबरात मित्राबरोबर आला, तर ती वाहतूक व्यापारी धरली जाते. तिचे प्रमाणपत्र वेगळे, प्रवासाआधी ४८ तासांच्या आत तपासणी, सीमेवर आगाऊ ऑनलाइन सूचना, असा सगळा पसारा वाढतो.

यातून सुटण्याचा सरळ मार्ग म्हणजे कागदोपत्री मालक तुम्ही व्हा. यजमान सप्टेंबरला जातील, तुम्ही ब्रूनोबरोबर ऑक्टोबरात जाल. कुटुंबासाठीच्या व्हिसालाही तेवढा वेळ लागू शकतो. चिपची नोंदणी, प्रयोगशाळेचा अर्ज, आरोग्य प्रमाणपत्र, सगळीकडे तुमचे नाव, पासपोर्टवर जसे आहे तसे, पहिल्या दिवसापासून. लसीकरण पुस्तिकेवर यजमानांचे नाव असेल तर आताच, नवी चिप घालताना, नवी पुस्तिका तुमच्या नावाने सुरू करा. तुम्हा दोघांनाही सप्टेंबरलाच जायचे असेल तर ब्रूनोला घरच्यांकडे ठेवून दोघांपैकी मालक असलेल्याने ऑक्टोबरात न्यायला परत यावे. तिकिटाचा खर्च होतो, पण व्यापारी वाहतुकीच्या खर्चापेक्षा आणि धाकधुकीपेक्षा तो बरा.

भारताच्या बाजूची कचेरी म्हणजे केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाची ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस, सगळे तिला एक्यूसीएस म्हणतात. तुम्हाला मुंबईचे कार्यालय. युरोपीय संघाच्या ठरावीक नमुन्यातले आरोग्य प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्याच्या सही-शिक्क्याने हवे असते आणि ते काम इथे होते. प्रमाणपत्र इंग्रजी आणि ज्या देशात पहिल्यांदा उतरणार त्याच्या भाषेत असावे. थेट फ्रँकफर्टला उतरणार असाल तर जर्मन. पॅरिसला विमान बदलणार असाल तर तपासणी तिथे होईल आणि फ्रेंच हवे. ते दिल्यापासून सीमेवरच्या तपासणीपर्यंत १० दिवस चालते, म्हणून ते सगळ्यात शेवटी, साधारण प्रवासाच्या तीन-चार दिवस आधी घ्यायचे. सोबत टायटरचा अहवाल, लसीकरणाची नोंद, चिपचा दाखला, स्थानिक पशुवैद्याचे तंदुरुस्तीचे पत्र, तुमचा पासपोर्ट, तिकीट, आणि ही वाहतूक विक्रीसाठी नाही असे मालकाचे सहीचे निवेदन. ब्रूनोला प्रत्यक्ष दाखवावे लागते. ऑक्टोबरात दसरा-दिवाळीच्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवार येतात. विमानाची तारीख ठरवण्याआधी सरकारी सुट्ट्यांचे कॅलेंडर समोर ठेवा, आणि सुट्टीला लागून आलेला दिवस प्रमाणपत्रासाठी ठेवू नका.

प्रमाणपत्र हातात आले की तिथेच उभे राहून चिपचे १५ अंक एक-एक करून पुस्तिकेशी, अहवालाशी आणि प्रमाणपत्राशी ताडून पाहा. बाहेर पडल्यावर चूक सापडली तर दुसरा दिवस जातो.

जातीच्या रकान्याबद्दल एक गोष्ट. जर्मनीत पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, बुल टेरियर आणि यांचे संकर आणायला कायद्याने बंदी आहे; शिवाय प्रत्येक राज्याची स्वतःची यादी असते. लॅब्रडॉरला अडचण नाही. पण रस्त्यावरून घरी आणलेला देशी कुत्रा नेणाऱ्यांनी डॉक्टरांना अंदाजाने जात लिहू देऊ नये. ‘मिश्र जात’ एवढे पुरते. कोणी सहज ‘पिट क्रॉस’ लिहिले तर ते सीमेवर सहज राहत नाही.

आता विमान. वजन पिशवीसकट ८ किलोच्या आसपास असेल तर बऱ्याच युरोपीय कंपन्या कुत्रा केबिनमध्ये नेऊ देतात. ब्रूनो विमानाच्या पोटातल्या, माल ठेवायच्या कक्षातच जाणार. तो कक्ष प्रवाशांच्या कक्षाइतक्याच हवेच्या दाबाचा असतो आणि प्राणी असताना तापमानही राखले जाते. सामानाबरोबर की कार्गो म्हणून, हे कंपनी आणि विमानाच्या प्रकारावर ठरते. दोन्ही रीतींत प्रत्येक विमानात प्राण्यांसाठी जागा मोजक्याच असतात, म्हणून आधी ब्रूनोची जागा लेखी निश्चित करा आणि मग स्वतःचे तिकीट काढा. उलटे केले तर तुम्ही एका विमानात आणि तो दुसऱ्यात. मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान घ्या आणि तिथून श्टुटगार्टपर्यंतचे सुमारे २०० किलोमीटर गाडीने जा. छोट्या विमानाने पुढची जोड घेतली तर एक चढ-उतार वाढतो, आणि प्राण्यांच्या प्रवासात गडबड होते ती बहुधा जमिनीवर, विमान बदलताना. मुंबईहून युरोपची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, ते ब्रूनोच्या फायद्याचे: ऑक्टोबरच्या उन्हात धावपट्टीवर थांबणे टळते.

क्रेटचे माप हा भाग शांतपणे करा. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या, जिवंत प्राण्यांच्या नियमावलीत सूत्र आहे. कुत्रा उभा असताना चार मापे घ्या: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत, खांद्यांची सर्वात जास्त रुंदी, आणि जमिनीपासून डोक्याच्या किंवा कानाच्या टोकापर्यंत, जे उंच असेल ते. क्रेटची आतली लांबी म्हणजे पहिले माप अधिक दुसऱ्याचे अर्धे. रुंदी म्हणजे तिसऱ्याची दुप्पट. उंची म्हणजे चौथे माप, त्यात अंथरुणाची जाडी धरून. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना यापेक्षा १० टक्के मोठा क्रेट लागतो, आणि बऱ्याच कंपन्या त्यांना घेतच नाहीत, कारण उष्णतेत आणि ताणात त्यांचा श्वास अडतो.

उदाहरणादाखल लॅब्रडॉरची मापे ९०, ३२, २८ आणि ७० सेंटिमीटर धरा. लांबी ९० अधिक १६ म्हणजे १०६, रुंदी ५६, उंची अंथरुणासह ७३. बाजारात मिळणारा ५०० क्रमांकाचा प्लास्टिक क्रेट बाहेरूनच साधारण १०२ लांब असतो, म्हणजे अपुरा. त्याच्या पुढचा ७०० क्रमांकाचा साधारण १२२ × ८१ × ८९ चा. कार्गोचे भाडे प्रत्यक्ष वजनावर नाही, तर प्रत्यक्ष आणि आकारमानाचे वजन यांत जे जास्त असेल त्यावर लागते. आकारमानाचे वजन म्हणजे सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून ६००० ने भागायचे. ७०० च्या क्रेटचे ते १४७ किलो भरते, ब्रूनो आणि क्रेट मिळून ४५ किलोच असले तरी.

म्हणून कार्गोने जाणार असाल तर मापाचा प्लायवुड क्रेट बनवून घेण्याचा विचार करा. आतून १०७ × ५८ × ७५ आणि बाहेरून १११ × ६२ × ८१ धरला तर आकारमानाचे वजन ९३ किलो येते, म्हणजे ५४ किलोचे भाडे वाचते. पण त्यात पट्ट्या सलग लाकडाच्या असतील तर त्यांवर उष्णता-प्रक्रियेचा, आयएसपीएम १५ या लाकडी वेष्टनांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का लागतो. प्लायवुडला लागत नाही. भाडे वाचवायला माप आखूड मात्र करू नका. विमान कंपनीचा माणूस कुत्र्याला आत उभा करून, वळवून पाहतो. डोके छताला टेकले तर तिथेच नकार.

प्लास्टिकचा क्रेट असेल तर वरचा-खालचा भाग जोडणाऱ्या प्लास्टिकच्या चापा काढून धातूचे नट-बोल्ट लावा. दार धातूच्या जाळीचे, चारही बाजूंना हवा, चाके काढलेली, आत पाणी-अन्नाची भांडी दाराला अशी लावलेली की दार न उघडता बाहेरून भरता येतील. ‘जिवंत प्राणी’ आणि वरची बाजू दाखवणारे बाण दोन्ही बाजूंना. खाली शोषून घेणारी चादर, वर त्याच्या अंगाच्या वासाची जुनी ओढणी किंवा टी-शर्ट. पाण्याचे भांडे आदल्या रात्री फ्रीझरमध्ये गोठवून लावा. चढवताना सांडत नाही आणि हळूहळू वितळून प्यायला मिळते. आणखी एक: ७०० चा क्रेट जोडलेल्या अवस्थेत साध्या कारच्या दारातून जात नाही. पुण्याहून मुंबईला टेम्पो किंवा मोठी गाडी ठरवा, किंवा दोन भाग एकात एक घालून न्या आणि पाना-नटबोल्ट हातसामानात नको, वेगळ्या पिशवीत ठेवा.

त्रास होईल का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे या चार महिन्यांवर अवलंबून आहे. सक्तीची वाट पाहावी लागते तेवढा वेळ क्रेटची सवय लावायला मिळतो. क्रेट जुलैतच घरी आणा. पहिले दहा दिवस दार काढून ठेवा आणि जेवण आत द्या, कोणतीही जबरदस्ती नाही. मग दार लावून पाच मिनिटे, अर्धा तास, तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलेल्या असताना एक तास. सप्टेंबरपर्यंत तो रात्रभर आपणहून आत झोपायला हवा. दाराला लावलेल्या भांड्यातून पाणी प्यायला शिकवा. घरच्या वाडग्याची सवय असलेले कुत्रे तहानलेले असूनही त्याला तोंड लावत नाहीत. एकदा क्रेटसकट गाडीने खंडाळ्यापर्यंत नेऊन आणा. क्रेट ओळखीचा झालेला कुत्रा विमानात बहुतेक वेळ झोपतो. ज्याला पहिल्यांदा विमानतळावर आत ढकलले जाते तो दाराची जाळी चावून दात तोडून घेतो.

झोपेचे औषध देऊ नका. गुंगीत रक्तदाब घसरतो, शरीराचे तापमान सांभाळता येत नाही, तोल जातो, आणि उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. गुंगीतला प्राणी कंपन्याही नाकारतात. निघण्याआधी साधारण सहा तास हलके जेवण, पाणी शेवटपर्यंत, आणि सोपवण्याआधी लांब फेरी, पोट आणि मूत्राशय रिकामे होईपर्यंत.

फ्रँकफर्टला ब्रूनो सामानाबरोबर आला असेल तर कस्टम्सच्या हिरव्या, म्हणजे ‘जाहीर करण्यासारखे काही नाही’ या वाटेने बाहेर पडू नका. सवलतीच्या यादीत नसलेल्या देशातून आलेला कुत्रा लाल वाटेने जाऊन जाहीर करायचा आणि तपासून घ्यायचा असतो. कार्गोने आला तर प्राण्यांच्या विभागात तपासणीला काही तास जातात. श्टुटगार्टच्या गाडीवाल्याला तसे सांगून ठेवा. मूळ कागद तुमच्याकडे आणि प्रती क्रेटवर पाकिटात.

पोहोचल्यावर तिथल्या पशुवैद्याकडून युरोपीय संघाचा पाळीव प्राण्यांचा पासपोर्ट करून घ्या, चिप टासो या नोंदवहीत तुमच्या जर्मन फोन क्रमांकाने नोंदवा, आणि नगरपालिकेत कुत्र्याचा कर भरण्यासाठी नाव घाला. कुत्र्याने कोणाचे नुकसान केल्यास भरपाई देणारा विमा काही राज्यांत सक्तीचा आहे. सक्ती नसली तरी घ्या. भाड्याच्या घरासाठी घरमालकाची कुत्र्याला परवानगी यजमानांनी करारावर सही करण्याआधीच लेखी घ्यावी.

दुसऱ्या देशांत जाणारे हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडेसे. ब्रिटनलाही टायटर आणि तीन महिने आहेत, वर पट्टकृमीचे औषध पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या मध्ये पशुवैद्याने दिलेले हवे, आणि विमानाने कुत्रा फक्त कार्गो म्हणून येतो. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले. भारत तिथे जास्त धोक्याच्या यादीत आहे, त्यामुळे वय किमान सहा महिने, चिप, टायटर आणि ठरलेल्या विमानतळावरच्या प्राणी-केंद्रात आगाऊ आरक्षण लागते. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट नेताच येत नाही. मांजरांना युरोपात कुत्र्यांसारखेच सगळे लागू.

शेवटचा मुद्दा सुट्टीत पुण्याला येण्याचा. गणपतीला ब्रूनोलाही घेऊन येऊ असे नक्की मनात येईल. भारतात आणताना एक्यूसीएसची आगाऊ परवानगी लागते, ठरावीक विमानतळांवरूनच प्रवेश मिळतो, आणि पाळीव प्राण्याच्या आयातीची सवलत मुळात कायमचे परतणाऱ्यांसाठी आहे. थोड्या दिवसांच्या भेटीसाठी त्याला तिथेच ओळखीच्यांकडे ठेवणे त्याच्याही हिताचे. तरीही आणायचेच झाले, तर जुलैच्या टायटरचा अहवाल जपून ठेवा आणि तिथल्या पशुवैद्याकडून पासपोर्टमध्ये त्याची नोंद भारतात येण्याआधी करून घ्या. लशींची साखळी अखंड असेल आणि ती नोंद असेल तर परत जर्मनीत शिरताना तीन महिने पुन्हा थांबावे लागत नाही.